पांढऱ्या बाराबंदीतला चोर आकडा: फोटोत दडवलेला निरोप कसा शोधायचा

संक्रांतीला सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते, तेव्हा रस्ताभर पांढऱ्या बाराबंदीतली माणसं असतात. भर उन्हात मोबाइलने काढलेल्या अशा फोटोत तो पांढरा रंग बऱ्याच ठिकाणी फुटतो. म्हणजे कॅमेऱ्याला त्यापुढचा उजेड मोजताच येत नाही आणि तो त्या पिक्सेलला सरळ २५५ लिहून मोकळा होतो. समजा, अशा एका फोटोत लाल रंगाची किंमत २५५ असलेले पिक्सेल ८०,००० आहेत आणि २५४ वाले फक्त ६,०००. ही तफावत उन्हाने केलेली आहे, तीत काही वावगं नाही. आता याच फोटोत कुणी शेवटच्या बिटांमध्ये मोठा निरोप भरला, तर तीच मोजणी साधारण ४३,०८० आणि ४२,९२० अशी येते. कपडा डोळ्यांना तितकाच पांढरा दिसतो. पण हे दोन आकडे इतके जवळजवळ का आले, हा प्रश्न पडायलाच हवा.

फोटोतला गुप्त निरोप शोधायची सगळी विद्या या एका प्रश्नावर उभी आहे. फोटोत निरोप दडवणं म्हणजे स्टेगॅनोग्राफी आणि तो दडवलाय हे ओळखणं म्हणजे स्टेगॅनालिसिस. मी शनिवार-रविवारी अशोक चौकाजवळ दहा-बारा मुलामुलींना पायथन शिकवतो. त्यांना हा विषय ज्या क्रमाने शिकवतो, त्याच क्रमाने इथे लिहितोय. बारावीपर्यंतचं गणित आणि थोडं पायथन येत असलं तरी पुरे.

आधी दडवतात कसं ते समजून घ्या

रंगीत फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५. आकडा आठ बिटांत लिहिला जातो. शेवटचा बिट बदलला तर आकडा फक्त एकाने हलतो: १०० चा १०१, किंवा १०१ चा १००. सिद्धेश्वर तलावाच्या पाण्याचा निळा १०० आहे की १०१, हे कुणाच्याही नजरेला कळणार नाही. म्हणून दडवणारा हाच शेवटचा बिट वापरतो. ४०००×३००० चा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल, त्यांचे ३ कोटी ६० लाख आकडे आणि तेवढेच शेवटचे बिट. बाइटमध्ये सांगायचं तर ४५ लाख. एवढ्या जागेत जाडजूड ग्रंथ सहज बसतो.

असा निरोप फार नाजूक असतो, हे ध्यानात ठेवा. फोटो जेपीईजी म्हणून पुन्हा साठवला की शेवटचे बिट विस्कटतात आणि निरोप जातो. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, त्यामुळे त्यात या पद्धतीचा निरोप टिकत नाही. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. त्यामुळे कुणी संशयित फोटो आणून दिला की माझा पहिला प्रश्न असतो, हा तुमच्याकडे आला कसा? निम्मी चौकशी तिथेच संपते.

हत्यारं आणि दोन साध्या तपासण्या

गूगल कोलॅब, म्हणजे ब्राउझरमध्येच पायथन चालवायची सोय, पुरतं; ते मोबाइलवरही चालतं. फोटो वाचायला पिलो, आकडेमोडीला नम्पाय, कसोटीला सायपाय, आलेखाला मॅटप्लॉटलिब. काही विकत घ्यायची गरज नाही.

मूळ फाइलला हात लावू नका. आधी तिचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तरी बदलणारा तिचा ठसा, काढून वहीत लिहा आणि पुढचं सगळं काम नकलेवर करा. गॅलरीत उघडून ‘सेव्ह’ केलेली फाइल ही मूळ फाइल राहत नाही.

मग आकडेशास्त्राकडे वळण्याआधी फाइलची शेपटी बघा. जेपीईजी फाइल २५५ आणि २१७ या दोन बाइटवर संपते. पीएनजीच्या शेवटच्या खंडाचं नाव आय-ई-एन-डी असतं. त्यानंतरही हजारो बाइट शिल्लक असतील, तर कुणीतरी फोटोच्या मागे दुसरी फाइल जोडली आहे. अनेक भोळे निरोप इथेच सापडतात. पण बऱ्याच फोनमध्ये ‘मोशन फोटो’ चालू असतो आणि त्यातली छोटी चित्रफीत अशीच शेपटीला चिकटवलेली असते. तेव्हा शेपटी दिसली म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका.

शेवटच्या बिटाचं चित्र काढा

आता प्रत्येक आकड्याला २ ने भागा आणि बाकी घ्या. बाकी ० असेल तिथे काळा ठिपका, १ असेल तिथे पांढरा. लाल, हिरवा, निळा अशी तीन वेगळी चित्रं काढा. आकाराला हात लावू नका. छोटं करून बघितलंत तर सगळं एकसारखं राखाडी दिसेल.

माझे वडील यंत्रमागावर होते. चादर उतरली की ती उजेडावर आडवी धरायचे. समोरून नक्षी छान दिसायची, पण धागा कुठे सुटलाय ते उजेड पलीकडून आला की कळायचं. शेवटच्या बिटाचं चित्र म्हणजे फोटो उजेडावर धरणं. स्वच्छ फोटोत इथेही मूळ देखाव्याच्या खुणा उरतात. फुटलेली बाराबंदी सलग पांढरी दिसते, कारण २५५ विषम आहे. गडद सावली, जिथे आकडा ० ला टेकलाय, ती सलग काळी. बाकी भागात मुंग्या आल्यासारखे ठिपके. निरोप वरपासून ओळीने भरला असेल तर वरचा पट्टा सगळीकडे सारखाच मुंग्यांचा दिसतो आणि एका ठरावीक ओळीखाली बाराबंदी पुन्हा सलग पांढरी होते. ही सीमारेषा पहिल्यांदा दिसते तेव्हा वर्गातला प्रत्येकजण खुर्चीतून उठून पडद्याजवळ येतो.

स्वतः निरोप दडवा

ही पायरी गाळू नका. स्वतःच्या हाताने दडवल्याशिवाय शोधणं जमत नाही. सिद्धेश्वर मंदिराचा, तलावाचा, शेजारच्या भुईकोट किल्ल्याच्या तटाचा असा स्वतःचा फोटो घ्या आणि पीएनजी करून ठेवा. त्याच्या चार प्रती करा. एक कोरी ठेवा. दुसरीत सगळे शेवटचे बिट भरा, तिसरीत वरपासून निम्मे भरा आणि चौथीत २० टक्के बिट भरा, पण सगळ्या फोटोभर विखरून.

भरायचं काय? इथे मराठी माणसाला एक गंमत ठाऊक असायला हवी. ‘सोलापूर’ हा शब्द युनिकोडमध्ये सात चिन्हांचा आहे: स, ओकार, ल, काना, प, ऊकार, र. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे एकूण २१ बाइट, १६८ बिट. त्या तीन बाइटमधला पहिला नेहमी २२४ असतो, दुसरा १६४ किंवा १६५, आणि तिसऱ्याचे पहिले दोन बिट ठरलेले असतात. हिशेब करा: २४ पैकी १७ बिट प्रत्येक चिन्हात तेच ते. म्हणून उघडा मराठी मजकूर ओळीने भरला तर शेवटच्या बिटांत दर २४ घरांनी तीच नक्षी फिरून येते, जेकार्ड चादरीवरच्या फुलासारखी. तो शोधायला कसोटीही लागत नाही. बिट आठ-आठच्या गटात वाचत जा आणि २२४ मागोमाग १६४ किंवा १६५ पुन्हा पुन्हा दिसतात का ते बघा. गट नेमका कुठून सुरू होतो हे ठाऊक नसल्याने आठही सुरुवाती करून बघाव्या लागतात, एवढंच.

जाणकार माणूस मजकूर आधी कूटबद्ध करतो, निदान झिप तरी करतो. मग ० आणि १ जवळपास निम्मे-निम्मे येतात आणि नक्षी पुसली जाते. तुम्हीही सरावाच्या प्रतींत झिप केलेली फाइलच भरा, कारण पुढची कसोटी अशा निरोपासाठीच आहे.

काय-वर्ग कसोटी

१९९९ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या आंद्रेआस वेस्टफेल्ड आणि आंद्रेआस फित्समन यांनी ही कसोटी मांडली. शेवटचा बिट बदलल्यावर १०० चा १०१ होतो आणि १०१ चा १००. पण १०१ चा १०२ कधीच होत नाही. म्हणजे आकड्यांच्या जोड्या पक्क्या ठरलेल्या: (०, १), (२, ३), (४, ५) अशा २५४ आणि २५५ पर्यंत १२८ जोड्या. निरोपाचे बिट निम्मे ० आणि निम्मे १ असतील, तर प्रत्येक जोडीतले दोन्ही आकडे एकमेकांत वाटले जाऊन सारखे होत जातात. सुरुवातीच्या बाराबंदीत हेच झालं होतं.

एक जोडी हातात घेऊन बघू. समजा, कोऱ्या फोटोत १०० हा आकडा ४७,६०० वेळा आलाय आणि १०१ हा ४६,४०० वेळा. दोघांची सरासरी ४७,०००. १०० ची मोजणी सरासरीहून ६०० ने जास्त. ६०० चा वर्ग ३,६०,०००, त्याला ४७,००० ने भागलं की ७.६६. पूर्ण भरलेल्या प्रतीत तीच मोजणी समजा ४७,१२० आली. फरक १२०, वर्ग १४,४००, भागाकार ०.३१. निम्मे पिक्सेल वापरले असतील तर फरक निम्मा होऊन ३०० उरतो आणि भागाकार १.९१ येतो.

असा भागाकार प्रत्येक जोडीसाठी काढा. जोडीतला फक्त सम आकडा घ्यायचा, दोन्ही नाही. सरासरी ५ पेक्षा कमी असलेल्या जोड्या सोडून द्या. सगळ्यांची बेरीज करा. वापरलेल्या जोड्यांतून एक वजा केला की डिग्री ऑफ फ्रीडम मिळते, म्हणजे सगळ्या जोड्या असल्या तर १२७. सायपायमधल्या काय-स्क्वेअरच्या ‘एसएफ’ फंक्शनला ही बेरीज आणि ही डिग्री द्या, ते ० ते १ मधला एक आकडा देईल. त्याला पी म्हणू.

कॉलेजात आकडेशास्त्र शिकलेले इथे हमखास गोंधळतात. तिकडे पी लहान आला की ‘काहीतरी सापडलं’ म्हणतात. इथे उलटं आहे. जोड्या सारख्या असाव्यात हे आपलं गृहीत आहे आणि पी १ जवळ आला म्हणजे त्या खरंच सारख्या निघाल्या, म्हणून संशय. पूर्ण भरलेल्या फोटोत एका जोडीचा भागाकार सरासरीने ०.५ असतो, त्यामुळे १२८ जोड्यांची बेरीज ६४ च्या आसपास राहते आणि पी जवळपास १ होतो. मोठ्या कोऱ्या फोटोत बेरीज शेकड्यांत, कधी हजारांत जाते आणि पी शून्य.

आता तिसरी प्रत घ्या, वरून निम्मी भरलेली. पहिल्या ५ टक्के पिक्सेलवर कसोटी लावा, मग पहिल्या १० टक्क्यांवर, मग १५, असं वाढवत जा आणि पी चा आलेख काढा. ५० टक्क्यांपर्यंत रेष १ ला चिकटून चालते आणि निरोप संपला की थोड्याच अंतरात खाली कोसळते. निरोप किती लांब आहे, तो न वाचताच कळलं.

मी कुठे चुकलो

एकदा वर्गातल्या एका मुलीने गल्लीतल्या मंडळाच्या ग्रुपवरचा फोटो आणला. होम मैदानावरचे रात्रीचे पाळणे, एका मुलाने एडिट करून पीएनजीत, डॉक्युमेंट म्हणून पाठवलेले. नेट मंद होतं म्हणून मी कोपऱ्यातला ३००×३०० चा तुकडा कापून कसोटी लावली. पी ०.९९ च्या वर. मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, “आहे यात काहीतरी.” संध्याकाळभर त्या मुलाला सगळ्यांनी हैराण केलं. दुसऱ्या दिवशी पूर्ण फोटोवर कसोटी लावली तर पी शून्य. फोटो कोरा होता. मी त्या मुलाची माफी मागितली, वर्गातही सांगितलं, आणि त्या दिवसापासून ही गोष्ट पहिल्याच तासाला सांगतो.

असं का झालं, ते वरच्याच जोडीवर बघा. ३००×३०० म्हणजे ९०,००० पिक्सेल, १ कोटी २० लाखांच्या सुमारे १३३ व्या हिश्शाइतके. ४७,००० ची सरासरी ३५३ वर आली आणि ६०० चा फरक साडेचारवर. पण एवढ्या छोट्या मोजणीत १२-१३ चा फरक निव्वळ योगायोगाने पडतो, त्यात साडेचार कुठे दिसणार! रात्रीच्या फोटोत कॅमेऱ्याची खरखर भरपूर असते, तिने शेजारचे आकडे आधीच एकमेकांत मिसळलेले असतात. छोटा तुकडा, खरखरीत फोटो आणि उठून न दिसणाऱ्या जोड्या, म्हणून कसोटीला सगळं सारखं वाटलं.

म्हणून कुठलाही संशयित फोटो तपासताना त्याच फोनचे, तशाच उजेडातले, तेवढ्याच आकाराचे निदान २० कोरे फोटो आधी त्याच कसोटीतून काढा. त्यांचा पी काय येतो ते लिहा. त्यातले पाच-सहा जण १ जवळ आले, तर तुमच्या फोटोचा १ काहीच सांगत नाही.

विखुरलेला निरोप: आरएस पृथक्करण

चौथी प्रत तपासा. पी शून्यच येईल. २० टक्के पिक्सेल वापरले की ६०० चा फरक फक्त ४८० वर उतरतो आणि भागाकार ४.९ राहतो. काय-वर्ग कसोटीला यात काही दिसत नाही. याला उत्तर २००१ साली जेसिका फ्रिड्रिच, मिरोस्लाव गोलियान आणि रुई डू यांनी दिलं. नुसत्या मोजणीऐवजी त्यांनी शेजाऱ्यांकडे पाहिलं.

चार सलग पिक्सेल घ्या. शेजारच्यांतले फरक मोजा आणि त्यांची बेरीज करा. ही झाली त्या गटाची खडबड. आता मधले दोन पिक्सेल दोन प्रकारे उलटवायचे. पहिला प्रकार दडवणाऱ्याचाच: ९० चा ९१, ९१ चा ९०. दुसरा एक घर सरकवलेला: ९१ चा ९२, ९२ चा ९१, आणि ९० चा ८९.

सोलापूरचं उन्हाळ्यातलं आभाळ घ्या, एकसारखं: ९०, ९०, ९०, ९०. खडबड ०. पहिल्या प्रकाराने ९०, ९१, ९१, ९० झालं, खडबड २. दुसऱ्याने ९०, ८९, ८९, ९०, खडबड पुन्हा २. दोन्ही उलटवण्यांनी सारखंच बिघडलं. आता निरोपाने त्यातला एक बिट आधीच बदललाय असं समजा: ९०, ९१, ९०, ९०. खडबड २. पहिल्या प्रकाराने ९०, ९०, ९१, ९० होतं, खडबड तीच २. दुसऱ्याने ९०, ९२, ८९, ९० होतं, खडबड २ + ३ + १ = ६. पहिला प्रकार आता आणखी बिघडवू शकत नाही, कारण ते बिघडवणं दडवणाऱ्याने आधीच करून ठेवलंय. दुसरा मात्र जास्तच बिघडवतो.

फोटोतल्या सगळ्या गटांवर हे करा. खडबड किती गटांत वाढली (हे रेग्युलर, म्हणजे आर) आणि किती गटांत घटली (हे सिंग्युलर, म्हणजे एस), हे दोन्ही प्रकारांसाठी वेगळं मोजा. कोऱ्या फोटोत दोन्ही प्रकारांची मोजणी जवळपास जुळते. निरोप वाढत जाईल तशी पहिल्या प्रकारातली वाढ-घट एकमेकींजवळ येते आणि दुसऱ्यातली लांब जाते. विखुरलेला निरोपही त्यामुळे उघडा पडतो, आणि किती टक्के भरलाय याचा अंदाजही निघतो. इथे चार-पाच दिवस मुक्काम करा. स्वतः कागदावर दहा गट सोडवा, मगच कोड लिहा.

या वाटेने न सापडणारे

दडवणारा आकडा उलटवण्याऐवजी मनाला येईल तसा +१ किंवा −१ करत असेल, तर जोड्यांचं बंधन तुटतं आणि वरच्या दोन्ही कसोट्या निकामी होतात. जेपीईजीत निरोप पिक्सेलमध्ये नसतोच. तिथे ८×८ च्या चौकोनांतून निघालेल्या डीसीटी गुणकांत, म्हणजे त्या चौकोनातले चढउतार सांगणाऱ्या आकड्यांत, तो असतो. जेस्टेग नावाचं जुनं साधन ० आणि १ सोडून बाकी गुणकांचे शेवटचे बिट बदलतं, त्यामुळे काय-वर्ग कसोटी गुणकांवर लावली की ते सापडतं. स्टेगहाइड गुणकांची अदलाबदल करून मोजणी जशीच्या तशी राखतं, तिथे ही कसोटी चालत नाही. पुढचं सगळं यंत्रशिक्षणाचं काम आहे. त्यासाठी १०,००० करड्या फोटोंचा बॉसबेस हा संच जगभर वापरतात. वरचं पक्कं झाल्यावरच तिकडे वळा.

कुणी फोटो घेऊन ‘यात काय आहे’ विचारलं, तर माझ्या वर्गातली मुलं आता तीनच गोष्टी लिहून देतात: कोणती कसोटी लावली, तिचा आकडा काय आला, आणि त्याच फोनच्या वीस कोऱ्या फोटोंचे आकडे काय होते. ‘निरोप आहे’ हे वाक्य निरोप प्रत्यक्ष बाहेर काढल्याशिवाय कुणी लिहीत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या नील्स प्रोवोस आणि पीटर हनीमन यांनी २००१ च्या सुमारास ईबेवरचे २० लाख फोटो तपासले होते. यंत्राने त्यातल्या बऱ्याच फोटोंवर संशयाची खूण केली, पण खरा दडवलेला निरोप एकाही फोटोतून निघाला नाही.

पहिल्या रविवारचं काम एवढंच ठेवा: स्वतःच्या फोनमधले वीस कोरे फोटो, तिन्ही रंगांचे पी, आणि ते लिहायला एक वही.